यादींतील नांव

निवडणुकीचा दिवस उजाडला म्हणजे आपल्यापैकीं पुष्कळांस पहिली आठवण होते ती सुटीची. वर्गांतील बांकें एका बाजूस सारलेलीं असतात, दारावर मतदान केंद्राचा क्रमांक चिकटविलेला असतो, आणि एरवीं जेथें तुम्हीं हजेरी देतां तेथें त्या दिवशीं गांवांतील वडील माणसें हजेरी द्यावयास येतात. हजेरी हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. हजेरीपटावर ज्याचें नांव नाहीं तो मुलगा वर्गांत येऊन बसला तरी पटावरचा ठरत नाहीं; त्याचप्रमाणें मतदारयादींत ज्याचें नांव नाहीं तो मनुष्य, मग त्याच्या सात पिढ्या येवल्यांत गेलेल्या असोत, त्या दिवशीं मतदार नसतो. ही यादी कशी होते, कोठें बिघडते, आणि ती बिनचूक राहण्यांत तुमचा व तुमच्या आईवडिलांचा भाग कोणता, याविषयीं चार गोष्टी सांगाव्या असा विचार आहे. प्रस्तुत लेखकानें कांहीं वर्षें या तालुक्यांत घरोघर हिंडून हें काम केलेलें आहे. त्यामुळें कायद्याच्या माहितीबरोबर पायांस लागलेली थोडी धूळही लेखांत येईल. तिची वाचकांनीं क्षमा करावी.

आरंभीं थोडा इतिहास पाहूं. इंग्रजी अमदानींत मत हा सर्वांचा हक्क नव्हता. १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ सालीं प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हां शेतसारा, कर, शिक्षण अशा अटींत जो बसे त्याचेंच नांव यादींत येई. शंभर माणसांमागें चौदा-पंधरा मतदार, असा तो हिशेब होता. बाकीच्यांचीं नांवें यादींतून गळत नसत. तीं तेथें यावयाचींच नसत.

या इतिहासांत आपल्या गांवाशीं निगडित असलेल्या एका थोर पुरुषाचें नांव येतें. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं येवल्याच्या परिषदेंत धर्मांतराची घोषणा केली, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तें स्थळ आज मुक्तिभूमि या नांवानें ओळखलें जातें. त्यापूर्वीं सात वर्षें, १९२८ सालीं, सायमन कमिशनपुढें त्यांनीं प्रौढ मतदानाची मागणी केली होती, ही गोष्ट मात्र इतकी प्रसिद्ध नाहीं. आणि १५ जून १९४९ रोजीं संविधानसभेंत निवडणूक आयोगाच्या कलमावर बोलतांना त्यांनीं जी हकीकत सांगितली, ती तर आपल्या विषयाच्या गाभ्याचीच आहे. कांहीं प्रांतांत, वंशानें, भाषेनें किंवा संस्कृतीनें आपले नसलेले लोक यादींत येऊं नयेत अशा धोरणानें अधिकारी वागत आहेत, असें मसुदा समितीच्या कानांवर आलें होतें. ज्याला मताचा हक्क आहे असा एकही मनुष्य स्थानिक अधिकाऱ्यांच्या द्वेषामुळें वा लहरीमुळें यादीबाहेर राहूं नये, याकरितां याद्यांची देखरेख एका मध्यवर्ती आयोगाकडे द्यावी, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. मूळ मसुद्यांत प्रांतांकरितां निराळे आयोग योजिलेले होते. तो बेत बदलला आणि आजचें ३२४ वें कलम तयार झालें. यादींतून माणसें वगळलीं जातील या चिंतेचा त्या कलमाच्या घडणीशीं असा निकटचा संबंध आहे.

याद्यांचें काम मात्र घटना अमलांत येण्याची वाट पाहत बसलें नव्हतें. १९४८ सालींच प्रांतांना सूचना गेल्या आणि २१ वर्षांवरील स्त्रीपुरुषांचीं नांवें घरोघर जाऊन लिहिण्यास आरंभ झाला. फाळणीनें उखडलेले लाखों निर्वासित छावण्यांत होते. त्यांनीं रहिवासाचा पुरावा कोठून आणावा? येथेंच कायमचें राहण्याचा आपला इरादा आहे एवढें त्यांनीं सांगितलें म्हणजे तूर्त नांव लिहून घ्यावें, असें ठरलें. अशा रीतीनें १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत १७ कोटी ३२ लाखांवर मतदारांची यादी तयार झाली. जगांत एवढी मोठी यादी तोंपर्यंत कोणीं केलेली नव्हती. तरीही सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें त्या यादींतून गाळावीं लागलीं. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान इत्यादि भागांतील या भगिनी परपुरुषास स्वतःचें नांव सांगावयास तयार नव्हत्या; अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेंच लिहा म्हणत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशीं नांवें मान्य करावयाचीं नाहींत असें ठरविलें, आणि पुढील निवडणुकीपर्यंत ही रीत मोडेल अशी आशा धरली. निर्णय योग्य होता असें मला वाटतें. परंतु २८ लाख हा आंकडा वाचतांना मन अडखळतें खरें. आपल्याकडे अडचण निराळी. येथील आजी स्वतःचें नांव खुशाल सांगते, पण पतीचें नांव विचारलें कीं हंसून नातवाकडे पाहते. उखाण्याविना तें नांव ओठांवर येत नाहीं, आणि सरकारी नमुन्यांत उखाण्याकरितां रकाना नाहीं!

आतां यादीचें एखादें पान डोळ्यांपुढें आणा. आपला विधानसभा मतदारसंघ ११९, येवला. लोकसभेकरितां तो दिंडोरी मतदारसंघांत मोडतो. प्रत्येक मतदान केंद्राची यादी स्वतंत्र बांधलेली असते व तिला यादी भाग म्हणतात. भागांत प्रत्येक मतदाराची एक चौकट; तींत अनुक्रमांक, मतदाराचें नांव, पित्याचें, पतीचें किंवा आईचें नांव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक. भाग क्रमांक व अनुक्रमांक हे दोन आंकडे हातीं असले म्हणजे केंद्रावरील अधिकारी क्षणांत पान उघडतो. नुसत्या नांवावरून शोध घ्यावयाचा तर मागची रांग उन्हांत ताटकळते. एका केंद्रावर पूर्वीं १५०० पर्यंत मतदार ठेवीत. २०२५ सालीं आयोगानें ही मर्यादा १२०० वर आणली.

यांतील घर क्रमांकाचा रकाना क्षुल्लक वाटतो, पण माझ्या अनुभवांत सर्वांत अधिक घात तोच करतो. जुन्या गल्लींत एकाच वाड्यांत तीन भाऊ वांटण्या करून राहतात. पुढच्या खोलींत पैठणीचा माग, मागें चुली तीन, आणि दारावर क्रमांक एकच किंवा तोही नाहीं. लिहिणारा कंटाळून शून्य लिहितो. पुढें दुसरा कर्मचारी येतो. त्याला शून्य क्रमांकाचें घर जगांत कोठेंही सांपडत नाहीं, आणि जो मनुष्य सांपडत नाहीं तो कागदावर ‘स्थलांतरित’ होतो. तो बिचारा तेथेंच भिंतीपलीकडे मागावर बसून धोटा फेंकीत असतो.

एका यादी भागाचें काम पाहणाऱ्या माणसास मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणतात. बहुधा तो शिक्षक असतो, किंवा अंगणवाडी सेविका, तलाठी अथवा असाच कोणी गांवाच्या परिचयाचा सेवक. पदाचें नांव मोठें असलें तरी काम पाहण्याचें आणि लिहिण्याचें. नांव घेण्याचा किंवा कमी करण्याचा निर्णय मतदार नोंदणी अधिकारी घेतो, आणि तो या कर्मचाऱ्याच्या टांचणावर पुष्कळसा अवलंबून असतो. म्हणून त्या टांचणांतील एक शब्द किती जड असतो तें माझ्याच एका चुकीवरून सांगतों.

तालुक्याच्या अवर्षणग्रस्त भागांतील एक वस्ती. दिवाळी होऊन गेली होती. एका घरास कुलूप होतें. शेजारच्या पोरास विचारलें तेव्हां तो म्हणाला, “गेले ते.” मला त्या दिवशीं आणखी चाळीस घरें पाहावयाचीं होतीं. कोठें गेले, केव्हां परततील, हें न विचारतां मीं त्या घरांतील तीन नांवांपुढें ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला. पुढें नोटीस निघाली ती बंद दाराच्या फटींतून आंत गेली. तिला उत्तर कोण देणार? वास्तविक तें कुटुंब ऊसतोडीस गेलेलें होतें, जसें तें दर हंगामांत जातें आणि दर उन्हाळ्यांत परततें. लोकसभेच्या मतदानाच्या दिवशीं मी केंद्राबाहेर मांडवाखालीं यादी घेऊन बसलों होतों. साठीच्या पुढची एक बाई आली. ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून पदराच्या गांठींत बांधलेलें होतें. मीं पान उघडलें. नांव नव्हतें. पुढचें पान, मागचें पान पाहिलें. मग मला तें कुलूप आठवलें.

“गुरुजी, घर इथंच, रेशन इथंच, मग नाव कुठं गेलं?” तिनें विचारलें.

“मावशी, तुमचं नाव कमी झालंय. चूक माझी आहे,” मीं म्हटलें.

“मग लिवा ना आता. पेन आहे ना तुमच्याजवळ.”

पेन होतें. परंतु उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली म्हणजे निवडणूक पार पडेपर्यंत यादींत नवें नांव घालतां येत नाहीं, असा कायदा आहे. मला तर नाहींच, पण केंद्राध्यक्षासही तो अधिकार नसतो. ओळखपत्र हें ओळखीचें साधन आहे. मताचा हक्क यादींतील नांवानेंच मिळतो. हें सारें मीं तिला समजावून सांगितलें. ती रागावली नाहीं. तिची जाऊ मत देऊन बाहेर येईपर्यंत लिंबाच्या सावलींत बसून राहिली, आणि मग दोघी गेल्या.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचें २० वें कलम मीं त्यानंतर नीट वाचलें; आधीं वाचावयास हवें होतें. त्यांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, जो मनुष्य तात्पुरता आपल्या राहत्या ठिकाणाहून दूर गेला तो तेवढ्यानें तेथील रहिवासी असावयाचा थांबत नाहीं. उलट, एखाद्या गांवीं नुसतें घर मालकीचें आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाहीं. म्हणजे मुंबईस कायम राहणारा गृहस्थ गांवच्या वाड्याच्या जोरावर येथील मतदार होऊं शकत नाहीं, आणि सहा महिने फडावर असलेली मावशी येथील मतदार असावयाची राहत नाहीं. कुलूप दोन्ही घरांस असतें. फरक कळण्यास शेजाऱ्यास दोन प्रश्न अधिक विचारावे लागतात.

येथें यादींतील चुकांचे दोन प्रकार ध्यानांत घ्यावे. एक, नको तें नांव राहणें: मृताचें, गांव सोडून गेलेल्याचें किंवा दोनदां छापलेलें. दुसरा, हवें तें नांव जाणें. दोन्ही चुकाच; तथापि त्यांची किंमत सारखी नाहीं. नको तें नांव राहिलें तर मतदानाच्या दिवशीं त्यावर चार पहारे असतात. मृत, स्थलांतरित व अनुपस्थित मतदारांची निराळी यादी केंद्राध्यक्षाजवळ असते. ओळखपत्र पाहिलें जातें. उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात व ते दोन रुपये भरून तोतया मतदारास हरकत घेऊं शकतात. आणि शेवटीं डाव्या तर्जनीची शाई आहेच. गेलेल्या नांवास मात्र त्या दिवशीं एकही उपाय नाहीं. दुसऱ्या कोणी तुमच्या नांवावर आधींच मत दिलें असेल तर तुम्हांस प्रदत्त मतपत्रिका तरी मिळते, पण नांवच नसेल तर रांगेंतून परत जावें लागतें. म्हणून नांव घेतांना हात जितका मोकळा, त्याहून नांव कमी करतांना हात अधिक जड असावा, असें माझें मत झालें आहे.

कायद्याचाही रोख असाच आहे. मृत्यूखेरीज इतर कारणानें नांव काढावयाचें तर त्या माणसाचें म्हणणें ऐकून घेण्याची वाजवी संधि दिलीच पाहिजे. नमुना ७ भरून दुसऱ्याच्या नांवास हरकत घेतां येते; परंतु खोटें निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊं शकते. १९९५ सालीं लालबाबू हुसेन यांच्या खटल्यांत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. मुंबई व दिल्ली येथील अनेक मतदारांस नागरिकत्व सिद्ध करा अशा नोटिसा गेल्या होत्या. पूर्वीच्या यादींत ज्याचें नांव आहे त्याची तपासणी तेव्हां झालेली होती असें धरून चालावें, आणि त्याला पुरावा मांडण्याची पुरी संधि दिल्यावांचून नांव काढूं नये, असा न्यायालयाचा आशय होता. तरीही चुका होतातच. १७ एप्रिल २०१४ रोजीं पुण्यांत मतदानास गेलेल्या पुष्कळ लोकांस आपलीं नांवें यादींत आढळलीं नाहींत. आठवड्यानें मुंबईंतही तीच ओरड झाली. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनीं जाहीर दिलगिरी व्यक्त केली. मोठ्या पदावरील मनुष्यानें असें करावें हें भूषणावह खरें, परंतु मतें गेलीं तीं गेलींच.

दुबार नांवांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, व त्याचें मूळ पुष्कळदां आपल्या घरच्या चालीरीतींत असतें. मुलगी अठरा वर्षांची झाली, माहेरीं यादींत आली. लग्न झालें, आडनांव बदललें, मधलें नांव बदललें, आणि तांदुळांत अंगठीनें लिहून पहिलें नांवही बदललें. सासरीं तिनें नवा अर्ज भरला. आतां एकच स्त्री दोन गांवांच्या याद्यांत दोन निराळ्या नांवांनीं आहे, आणि गणकयंत्रास ती कधींही सांपडावयाची नाहीं. उलट आपल्याच गल्लींत एका नांवाचे तीन शेख किंवा तीन पवार निघतात. यंत्र त्यांस एकच समजतें, वास्तविक ती तीन निराळीं, हाडामांसाचीं माणसें असतात. खऱ्या जोड्या अशा लपतात आणि खोट्या जोड्या उघड दिसतात! २०२५ च्या अखेरीस राज्यांत नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, तेव्हां राज्य निवडणूक आयोगानें संशयित दुबार नांवांपुढें दोन तारे छापण्याची रीत काढली. अशा मतदारास तो कोठें मत देणार हें विचारावें, आणि तें आधीं न कळल्यास केंद्रावर, मीं अन्यत्र मत दिलेलें नाहीं व देणार नाहीं, असें लिहून घ्यावें. नांव कापण्याऐवजीं खूण करून विचारण्याची ही युक्ति मला समंजस वाटते.

सासरीं गेलेल्या मुलीनें आतां नवा अर्ज न भरतां नमुना ८ भरावा. २०२२ पासून पत्ता बदलणें, चूक दुरुस्त करणें व ओळखपत्र बदलून घेणें यांस हा एकच नमुना चालतो, व त्यानें जुनी नोंद मागें राहत नाहीं. प्रथमच नांव घालणाऱ्यास नमुना ६. ज्याला घरच नाहीं, जो पालावर किंवा पुलाखालीं राहतो, त्याला पत्त्याचा कागद मागत नाहींत. केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानें रात्रीं त्या जागीं जाऊन तो खरोखर तेथें झोंपतो कीं नाहीं तें पाहावें, असा नियम आहे. मीं असा एकदां गेलों होतों. विजेरीच्या उजेडांत त्या माणसानें झोंपेंतून उठून आपलें नांव सांगितलें, आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतलें.

मृतांच्या नांवांविषयीं पालकांस विशेष सांगावयाचें आहे. घरांतील वडील माणूस गेल्यावर त्याचें नांव कमी करण्याचा अर्ज द्यावयाचा असतो. तो राहतो याचें कारण आळस असतेंच असें नाहीं. बापाचें नांव आपल्या हातानें खोडावयाचें, हें मुलास जड वाटतें. दारीं गेल्यावर मला हें अनेकदां दिसलें आहे. अशा घरीं मीं घाई करीत नाहीं. पण तें नांव यादींत राहिल्यानें वडिलांचें स्मरण राहतें असें नव्हे; फार तर दुसरा कोणी त्या नांवाचा उपयोग करूं पाहील, हें एकदां सांगितलें म्हणजे पुरतें.

मतदानाच्या खोलींत ही यादी कशी वापरतात तेंही थोडक्यांत सांगतों. पहिल्या अधिकाऱ्यापुढें चिन्हांकित प्रत असते. तो ओळख पटवून अनुक्रमांक व नांव मोठ्यानें वाचतो, म्हणजे प्रतिनिधींस आपापल्या प्रतींत पाहतां येतें, आणि नांवाखालीं तांबडी रेघ ओढतो. दुसरा बोटास शाई लावून नोंदवहींत सही किंवा अंगठा घेतो. छापण्यांतील किरकोळ चूक, जसें वय दोन वर्षांनीं कमी किंवा नांवांत ‘श’ ऐवजीं ‘स’, असली तरी मनुष्य तोच आहे अशी खात्री पटल्यास त्याला परत पाठवितां येत नाहीं. हें पुष्कळांस माहीत नसतें व ते उगाच घाबरून घरीं जातात.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं जे सतरा वर्षांचे झाले आहेत त्यांस आगाऊ अर्ज करतां येतो. १९८९ पासून मताचें वय २१ वरून १८ झालें, आणि २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा वर्षांतून चार तारखा त्याकरितां धरल्या जातात. लहानांनींही रिकामें बसूं नये. एखाद्या रविवारीं वडिलांच्या भ्रमणध्वनीवर किंवा केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडील प्रारूप यादींत घरांतील प्रत्येकाची चौकट काढा. आजीचें वय तिच्या मुलाहून कमी छापलें आहे काय? काकूचें माहेरचें नांव कमी झालें काय? घर क्रमांक शून्य तर नाहीं ना? शंका आल्यास १९५० या क्रमांकावर विचारतां येतें. मग शेजारच्या घरीं जा, विशेषतः ज्या घरास कुलूप आहे त्याच्या शेजारीं, आणि ते लोक कोठें गेले व केव्हां येणार तें विचारून ठेवा. तुमच्या भागाचा कर्मचारी घाईंत असेल. त्याला तें सांगा.

त्या मावशीकडे मी मतदानानंतरच्याच आठवड्यांत गेलों व तीनही माणसांचा नमुना ६ भरून घेतला. पुढच्या पुरवणी यादींत तिचें नांव शेवटून तिसरें छापून आलें. घर क्रमांक मात्र चुकीचा पडला होता. तो नमुना ८ देऊन दुरुस्त करून घेतला.